भोंग्याचं तोंड माडीकडे

निवडणूक जवळ आली की आमच्या घरासमोरच्या खांबावर चारी दिशांना तोंडं करून भोंगे बांधतात. नातवंडांना त्याची मजा वाटते. मी खिडकी लावून घेतो. आवाजाचा मला त्रास नाही. उभा जन्म भोंगे बांधण्यात गेला, कान केव्हाच निबर झालेत. पण कोणता भोंगा कोणाच्या घराकडे वळवलाय, हे माझे डोळे आपोआप बघतात. ते बघितलं की ताण्याच्या मैदानावरची एक सकाळ आठवते आणि मग जेवण गोड लागत नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला धंद्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. लिहितो. सुरुवातीला तरी गमतीच आहेत.

ही हकिकत दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होतं आणि राज्य इंग्रजांचं. सीताबर्डीवर हरिभाऊंचं ग्रामोफोन दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे मी कामाला होतो. हरिभाऊंनी मुंबईहून लाउडस्पीकरचा संच आणला, तेव्हा गावात असे संच बोटांवर मोजण्याइतके होते. एक लाकडी पेटी, तिच्यात काचेचे व्हॉल्व्ह. मोटारीला असतात तशा बॅटऱ्या. एक माइक आणि एक भलामोठा पत्र्याचा भोंगा. पेटी सुरू केली की लगेच आवाज येत नसे. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागे आणि तेवढ्यात पुढारी ‘बंधुभगिनींनो’ म्हणून मोकळे झालेले असत. माइकच्या पोटात कोळशाचे बारीक कण असत. ते एका जागी बसले की आवाज दबे, मग मागून जाऊन माइकला हलकी टिचकी मारायची. भर भाषणात मी टिचकी मारायला उठलो की लोकांना वाटे, हा आता पुढाऱ्यांना थांबवायला चालला. काही वेळा तर त्यावर टाळ्याही पडत.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. एक कीर्तनकारबुवा रंगात आले की नाचत नाचत माइकपासून लांब जात. मी माइक हातात घेऊन त्यांच्या मागे मागे. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन एका म्हाताऱ्याने बुवांपेक्षा माझ्याच पायांची तारीफ केली. खेड्यातले एक जमीनदार स्टेजवर चढले, जोडे काढले, माइकला नमस्कार केला आणि गप्प उभे राहिले. त्यांनी ग्रामोफोन पाहिला होता. हेही यंत्र आपलं आपणच बोलेल अशी त्यांची समजूत होती. एका सभेत अध्यक्षांनी शेजारच्याला हळूच विचारलं, “हा बुढा केव्हा आटपते गा?” माइक जवळ होता, मी बेसावध होतो. अख्ख्या सभेने ते ऐकलं आणि बोलत असलेल्या बुढ्यानेही ऐकलं. तेव्हापासून पुढारी मंडळी स्टेजवर चढण्याआधी माझ्याकडे बघून गोड हसू लागली. माझ्या हाताखालच्या बटणाची किंमत त्यांना कळली होती.

हरिभाऊंनी मला धंदा शिकवला तो असा: भोंगा एकच, आणि त्याचा आवाज तोंडासमोर सरळ जातो, बाजूच्यांना उरलंसुरलं मिळतं. तेव्हा त्याचं तोंड कुठे करायचं, हे आधी ठरवायचं. “सभेची वर्दी आली का पयलं विचारायचं,” ते म्हणत, “भाडं कोण देऊन राहिलं, अन् त्याचं घर कोणीकडे हाये? तोंड तिकडे.” कारण भाडं देणारा माणूस बहुधा सभेला येतच नसे. तो घरी पान खात बसे आणि जे ऐकू येई त्यावरून आपला पैसा कामी लागला की नाही हे ठरवी. मला तेव्हा ही मोठी हुशारीची गोष्ट वाटली होती. आज लिहिताना शरम वाटते. समोर बसलेल्या माणसांच्या डोक्यावरून आवाज बाजूला पाठवायचा आणि त्याला सभा म्हणायचं, हे आम्ही वर्षानुवर्षं केलं. आणि एक सांगतो. उमेदवाराने स्वतःच्या खिशातून भाडं दिलं, असं मला एकही निवडणूक आठवत नाही.

आता ताण्याचं मैदान काय, ते सांगायला हवं. विणकरांच्या एका पुऱ्याला, म्हणजे वस्तीला, लागून म्युनिसिपल कमिटीची मोकळी जागा होती. लुगडं मागावर चढवण्याआधी त्याचा ताणा, म्हणजे उभं सूत, लांबच लांब पसरून लाकडी घोड्यांवर ताणावा लागतो. मग त्याला पेज लावायची आणि मोठ्या कुंच्याने झाडत झाडत वाळवायचं. याला पांजणी म्हणतात. ऊन चढायच्या आत ती उरकली नाही तर सूत कडक होऊन तुटतं. पुऱ्यातल्या गल्ल्या अरुंद, वाकड्यातिकड्या. तिथे ताणा पसरत नाही. म्हणून पहाट झाली की सगळा पुरा या मैदानावर. मैदान असलं तर माग चालणार, नाहीतर माग मोडून दुसऱ्याच्या दारी मजुरीला जायचं, इतका साधा हिशेब होता.

मजुरीचं दारही लांब नव्हतं. मैदानाच्या उजव्या अंगाला अण्णासाहेब मालगुजारांची माडी आणि माडीच्या मागे त्यांची कापसाची जिनिंग. गावोगावच्या शेतांचं उत्पन्न, शिवाय जिनिंगचा जोर. कापूस ठेवायला त्यांना गोदाम बांधायचं होतं आणि त्यांची नजर त्या मैदानावर होती. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात त्यांची पाणपोई असे आणि माझ्यासारख्या पोऱ्यालाही ते चहा दिल्याशिवाय सोडत नसत. त्या चहाची चव मला आवडे, हेही लिहून टाकतो.

कमिटीच्या निवडणुकीत त्या वॉर्डातून केशवराव गुरुजी उभे राहिले. गुरुजींनी मला अक्षरओळख करून दिली होती, माझी फी माफ केली होती, माझ्या वडिलांच्या आजारपणात आमच्या घरी येऊन बसले होते. असा माणूस कमिटीत जातो आहे म्हणून मी हरखून गेलो. सभेची वर्दी आली तेव्हा सवयीने विचारलं, भाडं कोण देतं? हरिभाऊ म्हणाले, “अण्णासाहेब.” मी मनाशी म्हटलं, चांगल्या माणसाला चांगला आश्रय मिळाला.

सभेच्या दिवशी दुपारी गुरुजी स्वतः दुकानात आले. हरिभाऊ जेवायला गेले होते. गुरुजी बराच वेळ ग्रामोफोनच्या तबकड्या उलटसुलट करत राहिले, मग म्हणाले, “वामन, तुझ्या त्या पेटीचा आवाज कमीजास्त करता येतो ना रे?”

“येतो, गुरुजी.”

“विणकर मंडळींशी मला मैदानाबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत. मी चष्म्याला हात लावला की आवाज खाली घे. पुन्हा लावला की वर कर.”

मी हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघितलं. तेव्हा तेच म्हणाले, “यात खोटं काही नाही. मी बोलणारच आहे. सगळीकडे ऐकू गेलंच पाहिजे असं नाही, इतकंच.” बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. ज्यांनी मला वर्गात मान वर करून बोलायला शिकवलं, त्यांची मान खाली होती. मला त्यांच्यासाठी इतकी लाज वाटली की ती झाकायला मी घाईघाईने हो म्हणून टाकलं.

संध्याकाळी भोंगा स्टेजच्या बाजूला बांबूवर बांधला, तोंड माडीकडे. अण्णासाहेब गच्चीवर आरामखुर्चीत बसलेले दिसत होते. मैदानात पुढे विणकर बायामाणसं आणि सर्वांत पुढे कौतिकाबाई. ही विधवा बाई. घरात दोन माग, घर तिच्या नावावर. मत तेव्हा सगळ्यांना नसे. घरपट्टी भरणाऱ्यांपैकी ती असल्यामुळे तिला होतं. ज्यांना मत होतं तेही मत देण्याआधी तिला विचारत, कारण ती उगीच बोलत नाही असा तिचा लौकिक होता.

गुरुजींनी शिक्षणावर, स्वच्छतेवर, दिवाबत्तीवर बोलून घेतलं. मग चष्म्याला हात लावला. मी बटण फिरवलं. गुरुजी पुढे वाकले आणि म्हणाले, “हे मैदान ताण्याचं आहे, ताण्याचंच राहील. मी असेपर्यंत इथे कुंपण पडणार नाही. हा माझा शब्द.” पुढच्या दोन-तीन रांगांनी ते ऐकलं. मागून ‘आवाज, आवाज’ असा ओरडा झाला. पुन्हा चष्म्याला हात, मी आवाज वर केला आणि भोंग्यातून बाहेर पडलं ते, “अशा उदार धनिकांच्या सहकार्याशिवाय नगराची प्रगती नाही.” कौतिकाबाईचा चेहरा मात्र उजळला होता. तिने मागे वळून लोकांना मान हलवून सांगितलं, काळजी करू नका.

सभा आटोपल्यावर अण्णासाहेबांनी मला गच्चीवर बोलावलं. चहा आला.

“मधी आवाज गेला होता गा, वामन.”

“बॅटरी उतरली होती, साहेब,” मी म्हणालो. ते खोटं माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मीच दचकलो.

अण्णासाहेब हसले. “गुरुजी बोलले असतील काही मैदानाचं. बोलू दे. निवडणूक हाये, बोलाच लागते.” त्यांना राग नव्हता. पान जुळवता जुळवता ते म्हणाले, “उद्या वकीलसाहेबांची सभा हाये पलीकडच्या चौकात. हेच मशीन घेऊन जाजो. दोघायचंही चांगलं ऐकू आलं पाहिजे, कोणाचं कमी-जास्त नको.”

वकीलसाहेब म्हणजे गुरुजींच्या विरुद्ध उभे असलेले. मी चहा तसाच हातात धरून उभा राहिलो. दोघांनाही उभं करणारा हात एकच होता. आमच्या गुरुजींनी ज्यांच्यापासून शब्द लपवायला चष्म्याची खूण शोधून काढली, त्यांना तो ऐकायचीही गरज वाटत नव्हती. मग मी तो चहा प्यायलो आणि दुसऱ्या दिवशी तेच मशीन घेऊन वकीलसाहेबांकडे गेलो. तिथूनही भोंग्याचं तोंड माडीकडेच केलं. आमच्या धंद्यात एका स्टेजवरचं दुसऱ्या स्टेजवर बोलायचं नाही, असा रिवाज होता, आणि त्या रिवाजाचा मला त्या दिवशी फार आधार वाटला.

कौतिकाबाई घरोघर फिरली. “मी माझ्या कानानं ऐकलं, गुरुजींनं शब्द देल्ला,” एवढंच ती सांगे. पुऱ्यातली होती नव्हती तेवढी मतं गुरुजींना पडली आणि गुरुजी निवडून आले.

पुढचा कापसाचा हंगाम यायच्या आत कमिटीने ते मैदान अण्णासाहेबांना गोदामासाठी भाडेपट्ट्याने दिलं. गुरुजींनी हात वर केला होता, ठरावाच्या बाजूने. पुऱ्यातली माणसं त्यांच्या घरी गेली तेव्हा ते म्हणाले, “मैदानाबद्दल मी जाहीर सभेत काही बोलल्याचं मला स्मरत नाही. कोणी ऐकलं असेल तर सांगा.” मागे बसलेल्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. पुढे बसलेल्यांपैकी बरेच जण जिनिंगमध्ये कामाला लागायच्या बेतात होते. त्यांनाही आता नीट आठवेना. राहिली एकटी कौतिकाबाई. लोक तिला म्हणू लागले की तूच आम्हाला भरीला घातलं, तुला माडीवरून काय मिळालं?

ती दुकानात आली. पायरीवर उभी राहूनच बोलली.

“भाऊ, तुमी तं तिथंच बसले होते नं पेटीजवळ. मी काय सपनात ऐकलं काय?”

मी सोल्डरिंगचं काम हातात घेतलं.

“पुऱ्यात या अन् एवढंच सांगा लोकायले, का गुरुजी असं बोलले. मले दुसरं काही नाही पाहिजे. मैदान गेलं ते गेलं. पर माह्या तोंडावर लोकं खोटी म्हणून राहिले.”

हरिभाऊ आत बसले होते. अण्णासाहेबांच्या घरातल्या लग्नाचं काम नुकतंच आमच्याकडे आलं होतं. “बाई, तेव्हा बॅटरी उतरली होती,” मी म्हणालो. “मी तिच्यातच गुंतलो होतो. मला काही ऐकू आलं नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “बॅटरी,” ती म्हणाली आणि निघून गेली.

मग भूमिपूजनाची सकाळ आली. मैदानाच्या कडेने कुंपणाचे खांब रोवून झाले होते, मधे मांडव. अण्णासाहेब स्वतः स्टेजवर बसले होते, तरी मी सवयीने भोंगा माडीकडेच बांधला; गच्चीवर त्यांच्या घरच्या बायका आणि पाहुणे होते. पुऱ्यातली माणसं खांबांपलीकडे येऊन उभी होती. त्या दिवशी त्यांच्यापैकी कोणी ताणा पसरला नव्हता, कुठे पसरणार?

कौतिकाबाई खांबांमधून वाट काढत माझ्यापाशी आली.

“आज बॅटरी भरून आणली काय, भाऊ?”

“आणली,” मी म्हणालो.

“मंग त्याचं तोंड आज आमच्याकडे करा नं. गुरुजी बोलनार हायेत. मी त्यायच्या समोर उभी राहतो. मले पाहून तं नाही म्हननार नाहीत ते. अर्धं जरी बोलले तरी लोकायले ऐकू येऊ द्या.”

मी उठलो. बांबूचा दोर सैल केला आणि भोंगा फिरवला. माडीकडे पाठ, पुऱ्याकडे तोंड. इतकी वर्षं जे केलं नव्हतं ते एका हिसड्यात झालं. मला खरंच अभिमान वाटला. वाटलं, चला, काहीतरी फेडलं.

गुरुजी उभे राहिले. बोलायला सुरुवात केली आणि त्यांना आपलाच आवाज वेगळ्या बाजूने ऐकू आला असावा, कारण ते थबकले. त्यांनी भोंगा पाहिला, खांबापाशी उभी असलेली कौतिकाबाई पाहिली. मग त्यांचा हात चष्म्याला गेला.

मी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

त्यांनी पुन्हा चष्मा सारखा केला, माझ्याकडे बघून. मी हललो नाही. त्यांच्या कपाळाला घाम आला. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. मागे अण्णासाहेब बसलेले, समोर कौतिकाबाई, आणि मधे माझे गुरुजी. मी मनातून त्यांना विनवत होतो.

“हे मैदान वर्षानुवर्षं पडीक होतं,” गुरुजी म्हणाले. आवाज पूर्ण खुला होता, एकेक अक्षर पुऱ्याच्या भिंतींवर जाऊन आदळत होतं. “इथे उपयोगाची वास्तू व्हावी, याला कुंपण पडावं, ही माझी पहिल्यापासूनची इच्छा होती. निवडणुकीआधीही माझं हेच मत होतं.”

खांबांपलीकडची सगळी माणसं वळून कौतिकाबाईकडे बघायला लागली. तिची एक म्हातारी शेजारीण होती, तिने बोटं मोडली आणि तोंड फिरवलं.

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. गुरुजींनी दिलेला शब्द मी पुढच्या रांगांपलीकडे कोणालाच ऐकू दिला नव्हता आणि मोडलेला शब्द मात्र भोंगा फिरवून, भरलेल्या बॅटरीने, सगळ्या पुऱ्याच्या कानात घातला होता. माझ्या शौर्याने त्या बाईला चारचौघांत खोटं पाडलं. माइक माझ्यापासून हाताच्या अंतरावर होता. टिचकी मारायला म्हणून उठलो असतो आणि त्यात एक वाक्य बोललो असतो, की गुरुजी बोलले होते, मी ऐकलं, तर कोणी मला अडवायच्या आत ते बोलून झालं असतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांचा आवाज मोठा केला, त्या दिवशी माझा स्वतःचा घशातून निघाला नाही. त्याची लाज आज इतक्या वर्षांनी कमी झालेली नाही, उलट म्हातारपणी ती वाढत चालली आहे.

कौतिकाबाई पुन्हा माझ्यापाशी आली. ती रडत नव्हती, रागावलेलीही दिसली नाही. पदर डोक्यावरून नीट घेतला आणि माझ्याकडे बघून हळू म्हणाली, “आता उतरू द्या बॅटरी, भाऊ.”

मी बटण फिरवलं. स्टेजवर गुरुजी बोलतच होते.